लंगडी

"सरकारी साहेब आलाय," मुकादम दगाजी धापा टाकत म्हणाला. "पोरांनो, मिरच्या सोडा आणि खेळा."

मैदानात वाळत घातलेल्या मिरच्यांचे देठ खुडणारी पोरं उठून नुसतीच उभी राहिली. "काय खेळू?" रेलीबाईच्या जमनीने विचारलं. शेवटी दगाजीनेच धोतर सावरून लंगडी घालून दाखवली.

साहेबाने शेजारी देठ खुडत बसलेल्या बायांना विचारलं, पोरं कामाला लावता का. रेलीबाई सगळ्यांच्या आधी म्हणाली, "नाही हो, आमच्या मागे येतात आणि खेळतात." तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती स्वतः जमनीपेक्षा लहान असल्यापासून देठ खुडत आली होती आणि त्याने आपलं काही बिघडलं नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. साहेब रुमालात दोनदा शिंकला आणि जीपमध्ये बसून निघून गेला.

"चला, बसा कामाला," दगाजी ओरडला. पोरं थांबेनात. जमनी लंगडी घालत इतरांच्या मागे लागली होती आणि खिदळत होती. पोरगी इतक्या मोठ्याने हसते, हे रेलीबाईला ठाऊकच नव्हतं.

"रेली, तुझ्या पोरीला बोलव," दगाजी म्हणाला. बाकीच्या बायाही तिच्याकडे बघू लागल्या.

रेलीबाईने जमनीच्या वाटणीचा ढीग आपल्याकडे ओढला.

"साहेब परत येणार आहे," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"मलाच सांगून गेला," रेलीबाई म्हणाली आणि मान खाली घालून देठ खुडू लागली.