दारावरची गोधडी

व्हर्मॉंटच्या बर्फात घर तापवायला सरकारी मदतीचं तेल अखेर आलं. “टाकी काठोकाठ भरलीय, मर्ल! सोड आता कंजूषपणा, म्हातारीला ऊब मिळू दे!” ओरडत टँकरवाला गेला. तळघरातला बॉयलर धडधडला. दोन हिवाळे नवराबायको स्वयंपाकघरातच झोपत होते. वारलेल्या लेकीच्या खोलीत ऊब वाया जाऊ नये म्हणून दारावर गोधडी ठोकली होती. मर्लनं पक्कड आणली. “लिओना, आता उघडू या ट्रूडीची खोली.” ती बटाटे सोलत राहिली. “कशाला रे? तेल फुकट जाईल.” “अगं, टाकी भरलीय!” “मग पुढच्या थंडीला पुरेल.” त्यानं एक खिळा उपसला. सुरी थांबली. मर्लला आठवलं, जुलैतल्या उकाड्यात सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, तेव्हाही ही गोधडी दोघांपैकी कुणीच काढली नव्हती. “खरंय, तेल फुकट जाईल,” पुटपुटत त्यानं खिळा पुन्हा ठोकला.