टेकडीवरच्या कबरी

महायुद्धानंतर आमच्या चेक गावातल्या जर्मनांना सरहद्दीपार हाकललं आणि त्यांची घरं आम्हाला मिळाली. त्यांच्या कबरी मात्र टेकडीवर तशाच राहिल्या. द्राहोमिरामावशी तिथलं तण उपटायची, फुलांना पाणी घालायची. बायका टोमणे मारायच्या, "काय गं, हे मेलेले जर्मन तुझे सोयरे लागतात का?"

पुढे सरहद्द उघडली, त्या उन्हाळ्यात एक म्हातारा जर्मन आला. आपल्या आईची कबर अशी राखलेली बघून तो मटकन खालीच बसला.

"तुम्ही ओळखत होता तिला?" त्यानं मोडक्यातोडक्या चेकमध्ये विचारलं.

"नाही हो," मावशी म्हणाली. "माझी आई तिकडे युक्रेनमध्ये पुरलीय. आम्ही इकडे आलो, मग परत जाता आलंच नाही. तिच्या कबरीशेजारीही आता परकीच माणसं राहतात."