केकवरची संख्या

केकच्या खोक्याचं झाकण उघडलं आणि गणिताच्या बाई बघतच राहिल्या. वर क्रीमनं ठसठशीत आकडे काढले होते: ४३३४४९४३७.

आज बाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस. सकाळी चहा पिताना ‘उद्यापासून मी करू काय?’ म्हणून त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं होतं. म्हणून त्यांचे यजमान हा केक घेऊन शाळेत आले होते, बाईंची लाडकी संख्या घातलेला. पण बाईंची संख्या ४३३४९४४३७. मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. तरुणपणी बाईंनी ते हातानं, एकेक भागाकार करून पडताळलं होतं.

“काका, मधले नऊ आणि चार उलटे झालेत हो!” गणिताचेच धाकटे सर बोलून गेले. “कागदावर लिहून नव्हतं दिलं?”

काका, म्हणजे बाईंचे यजमान, शिंपी. गिऱ्हाइकाचं माप कधी लिहून ठेवत नाहीत, सगळं डोक्यात. केकवाल्यालाही त्यांनी तोंडीच सांगितलं होतं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. बायकोच्या शेवटच्या दिवशी, सगळ्या शिक्षकांसमोर, तिच्याच संख्येची माती केली!

“लग्नाआधीपासून पाठ आहे गं मला,” ते पुटपुटले. “रोज कापड बेतताना मनात म्हणतो.”

“रोज? आणि ही केकवरचीच?”

“हीच. कुणी तपासलंच नाही मला कधी.”

बाईंना हसू आवरेना. इतकी वर्षं हा माणूस मान खाली घालून कापडावर खडू ओढत होता, आणि मनात हे चाललं होतं! त्यांना फार बरं वाटलं. मग हसता हसता त्या एकदम थांबल्या, पुन्हा केककडे पाहिलं आणि फळ्याकडे वळल्या.

“तीननं जात नाही. सातनं... एक उरतो. अकरानं तीन उरतात. तेरानं, थांबा हं, पाच.”

“बाई, मोबाइलवर एका सेकंदात सांगतो,” धाकटे सर म्हणाले.

“खबरदार हात लावलास तर!”

सरांनी मोबाइल खिशात ठेवला. यजमान भीतभीत फळ्याजवळ गेले. “फार चुकलं का गं? हीसुद्धा मूळ असेल?”

“काय माहीत! त्या पहिलीचं मला सगळं ठाऊक झालंय. हिचं काहीच नाही.”

बाईंनी हात झटकले आणि सुरी घेतली. आकड्यांना धक्का न लावता त्यांनी कडेचा एक तुकडा कापून यजमानांच्या हातावर ठेवला.

“उद्या तुमच्या बेतायच्या टेबलाचा एक कोपरा मला मोकळा करून द्या,” त्या म्हणाल्या. “सतरापासून सुरुवात करते.”