समुद्रावर न्यायचं यंत्र

“आता दोन्हींवर काय दिसतंय?” शिडाचा दोर ओढता ओढता अजीमनं विचारलं.

त्याच्या बायकोनं, खुर्शिदनं, मांडीवरच्या दोन्ही जीपीएस यंत्रांकडं पाहिलं. एकाचा पडदा रंगीत होता, त्यावर नकाशा सरकत होता. दुसरं राखाडी, जाडजूड बटणांचं.

“दोन्हींवर आपण पाण्यातच हाय,” ती म्हणाली.

डिसेंबरातली सकाळ होती. खानोट्याचा काठ सोडला तेव्हा उजनी धरणाचा फुगवटा लख्ख दिसत होता. मग धुकं पाण्यावरून सरकत आलं आणि काठ गेला, झाडं गेली. आता होडीचं पुढचं टोकसुद्धा अंधूक झालं होतं. वारा मात्र मंद का होईना, वाहत होता. होडी पुढं जात होती.

अजीम दौंडहून मालगाड्या चालवायचा. सारा जन्म रुळांनी नेलं तिकडं गेलेल्या या माणसानं दोन हिवाळे खपून रेल्वे क्वार्टरच्या मागं प्लायवूडची शिडाची होडी बांधली होती. आता ती घेऊन तो हर्णैहून जयगडपर्यंत समुद्रातून जाणार होता. एकटा. पुण्याच्या दुकानदारानं दोन यंत्रं वापरून बघायला दिली होती. एक ठेवायचं, दुसरं उद्या परत करायचं.

समुद्राचं नाव निघाल्यापासून खुर्शिद त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. आज ती आली, कारण आकडे वाचायला कुणीतरी हवं होतं. दोन्ही यंत्रं नापास व्हावीत, एवढीच तिची इच्छा होती. पण दोन्ही बरोबर चालत होती.

“रंगीतच घ्यावं म्हणतो,” अजीम म्हणाला. “नकाशा दिसतो.”

“सेल लवकर खातंय ते.”

“मग राखाडी घेऊ?”

“मला कशाला इचारता? जायाचं तुम्ही ठरवलंय.”

शिडाचा दोर डोलकाठीच्या वरच्या कप्पीत अडकला होता. सुकाणू सोडून अजीम उठला. अंगात जाड स्वेटर होता. लाइफ जॅकेट त्यानं बसायला घेतलं होतं, ते फळीवरच राहिलं. एक पाय होडीच्या काठावर देऊन त्यानं दोराला हिसका दिला. दोर एकदम सुटला आणि तो मागच्या मागं पाण्यात पडला.

खुर्शिदनं वळून पाहिलं तेव्हा त्याचं डोकं दिसत होतं. लगेच ते धुक्यात दिसेनासं झालं. मोकळ्या झालेल्या शिडात वारा भरला होता आणि होडी निघाली होती.

तिनं रंगीत यंत्राचं बटण दाबलं. नकाशावर इंग्रजी शब्दांची रांग उघडली. ते टाकून तिनं राखाडी उचललं. एका बटणावर पाण्यातल्या माणसाचं चित्र होतं. तिनं ते दाबून धरलं. यंत्र वाजलं. पडद्यावर मागच्या जागेकडं वळलेला एक बाण आला, खाली तिथवरच्या अंतराचा आकडा. तिच्या डोळ्यांदेखत आकडा वाढू लागला.

“अहो!”

“इकडं!” आवाज आला. पण इकडं म्हणजे कुठं? धुक्यात तो चहूकडून आल्यासारखा वाटत होता. “पाय अडकलाय. जाळं हाय खाली.”

तिनं शिडाचा दोर सोडला. शीड धप्पकन अंगावर आलं. ते बाजूला लोटून तिनं वल्ही घेतली. वडगाव रासाईला भीमेकाठी ती वाढली होती. बापाच्या नावेवर वल्हं मारलेलं, पण त्याला जमाना झाला होता. यंत्र पायांत ठेवून तिनं होडी वळवली. आकडा वाढतच राहिला. तिनं आणखी वळवली. आकडा थांबला. मग एकानं उतरला.

“बोलत ऱ्हावा!” ती ओरडली.

तो बोलला. पुढच्या खेपेला आवाज बारीक झाला. नंतर नुसतंच पाणी खळबळल्याचं ऐकू आलं, आणि मग तेही नाही. तिला उठून धुक्यात हात घालावासा वाटला. ती उठली नाही. आकड्यावरची नजर न काढता वल्ही मारत राहिली. चाळीस. तीस. हाताचं कातडं सोलत होतं. वीस. पंधरा.

वल्हं कशाला तरी लागलं. जाळ्याचा थर्माकोलचा तरंगा होता. त्याला मिठी मारून अजीम हनुवटीपर्यंत पाण्यात लोंबकळत होता. ओठ निळे पडले होते. तिनं डब्याच्या पिशवीतल्या भाजीच्या सुरीनं जाळं कापलं आणि कॉलरला धरून त्याला आत ओढलं. दोघंही होडीच्या तळाशी कोसळली.

तिनं त्याचा स्वेटर काढला, त्याला शिडात गुंडाळलं, तळवे चोळले. हळूहळू त्याच्या दातांची कडकड कमी झाली. त्यानं राखाडी यंत्र हातात घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

“हेच घेऊ,” तो म्हणाला. “समुद्रात गळ्यातच अडकवून ठेवीन. पडलो की लगेच बटण दाबीन.”

खुर्शिद स्वेटर पिळत होती. तिचे हात थांबले. तिनं त्याच्या हातातलं यंत्र काढून घेतलं आणि त्याची दोरी स्वतःच्या गळ्यात घातली.

“हे बटण पडणाऱ्यानं दाबायचं नसतंय,” ती म्हणाली. “समुद्रावर कवा निघायचं आपण?”