रिकाम्या खोलीची टेस्ट

ऊसतोडीला गेलेल्या बायकांनी फोनवर दुखणं सांगायचं आणि दवाखान्यात ते अक्षरांत उमटायचं, असं सॉफ्टवेअर अदिबा केजमध्ये घरीच बसून बनवत होती. सोमवारी ते सुरू होणार होतं. म्हणून ती टेस्ट लिहीत होती. आधी एकेका भागाची, मग सगळे भाग जोडून.

सगळ्यात सोपी टेस्ट शांततेची. रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग दिलं, तर पडद्यावर एकही शब्द यायला नको. भर दुपारी तिने माडीवरच्या आपल्या खोलीतली शांतता रेकॉर्ड केली.

टेस्ट नापास झाली. पडद्यावर उमटलं, "कोन हाय?"

हेडफोन लावून तिने ऐकलं. काहीच नव्हतं. शिरूर कासारची राजनंदिनी तिच्यासोबत हेच काम करायची. अदिबाने तिला फोन लावला.

"पंख्याचा आवाज असंल गं," राजनंदिनी म्हणाली. "थांब, माझ्या खोलीचं पाठवते."

ते रेकॉर्डिंग पास झालं. पडदा कोरा राहिला.

अदिबाला हायसं वाटलं. तिने पंखा बंद केला, खिडकी लावली आणि श्वास रोखून पुन्हा रेकॉर्ड केलं.

"पंखा काहून बंद केला?"

तिने जिन्यातून हाक मारली. "अम्मी, वर कोणी आलंय का?"

"न्हाई बेटा. मी एकलीच हाय, खाली."

मग अदिबाने रेकॉर्डिंग चालू ठेवलं, दार ओढलं आणि खाली जाऊन अम्मीजवळ थोडा वेळ बसली. परत येऊन, रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवून, तिने टेस्ट चालवली. दोन ओळी सावकाश उमटल्या.

"गेली का?"

"हळू बोल. ती वाचायलीय."