काचेची कसोटी

झारेंबा शिडीवर उभा राहून आपल्याच दुकानाच्या काचेवरची दुधी फिल्म पात्याने खरवडत होता. खाली फूटपाथवर नगरपालिकेचा पाहणी अधिकारी बोगुमिल रिबाक बगलेत फाइल धरून थांबला होता. फिल्मची पट्टी वरून सुटायची, गुंडाळत खाली यायची आणि दुकान आणखी वीतभर उघडं पडायचं. आधी छताला टांगलेल्या छत्र्या दिसल्या. मग भिंतीवरचं घड्याळ.

जुन्या बाजारचौकात तळमजल्यावरच्या दुकानांची आणि कचेऱ्यांची काच आरपार दिसली पाहिजे, असा नियम होता. तो होऊन सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत कुणी कुणाला लावला नव्हता. शेजारच्या नोटरीच्या खिडकीला अजून जाड पडदे होते. पलीकडच्या बँकेने तर काचेवर एक अख्खं हसरं कुटुंब चिकटवलं होतं.

"नोटरीचं काय, साहेब?" झारेंबाने वरूनच विचारलं.

"त्यांचाही नंबर येईल. यादीप्रमाणे चाललंय."

"असं का." झारेंबाने पातं पॅन्टला पुसलं. "आडनावामुळे शाळेत हजेरीत मी कायम शेवटचा असायचो. नगरपालिकेत पहिला आलो."

बोगुमिलने फाइल उघडून पुन्हा मिटली. त्याच्या घरात तीन छत्र्या होत्या. फेब्रुवारीपासून त्या प्रत्येकी पाच वेळा झारेंबाकडे दुरुस्त झाल्या होत्या. कधी काडी, कधी मूठ, कधी नुसती शिवण. दर गुरुवारी त्याची बायको लुदमिला एक छत्री काखेत मारून निघायची आणि दीड तासाने परत यायची. परत येताना तिचा चेहरा उजळलेला असायचा, हे त्याला पाऊस नसलेल्या दिवशी जास्त जाणवायचं. एकदा तो मुद्दाम या काचेसमोरून गेला होता. आत दिवा होता आणि काचेवर दोन सावल्या. एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, ते काही केल्या कळेना. दुसऱ्या दिवशी त्याने नियमांचं पुस्तक काढलं.

आज गुरुवार होता.

शेवटची पट्टी सुटली. लुदमिला काउंटरमागे बसली होती, मांडीवर उघडी छत्री, हातात सुई. तिने बोगुमिलला पाहूनही सुई थांबवली नाही. टाका पुरा केला, दोरा तोडला, मगच उठली. काउंटरवर चहाचे दोन ग्लास होते. एक अर्धा प्यालेला. दुसरा भरलेला, गार होऊ नये म्हणून वर बशी झाकलेला. घरी बोगुमिलच्या ग्लासवर कधी कुणी बशी झाकली नव्हती.

ती दारात आली.

"तू स्वतः आलास, बोगुश? दुसऱ्या कुणाला पाठवायचं होतंस."

"कामच आहे हे माझं."

"आणि नेमका गुरुवार."

"दिवस ऑफिस ठरवतं."

"ऑफिस म्हणजे तूच की." ती हे शांतपणे म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तसं. मग जरा थांबून, "विचारायचंच होतं, तर घरी विचारायचं."

"काय विचारायचं?" बोगुमिल म्हणाला.

तिने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. त्याने फाइलकडे पाहिलं.

कसोटी राहिली होती. काचेच्या आत एक पाऊल मागे कुणीतरी आजचं वर्तमानपत्र धरायचं आणि अधिकाऱ्याने रस्त्याच्या कडेला उभं राहून मथळा मोठ्याने वाचायचा. वाचता आला तर काच पास. ही कसोटी बोगुमिलनेच सुचवली होती. तीस वर्षांच्या नोकरीत त्याने सुचवलेली आणि मान्य झालेली ही एकच गोष्ट.

झारेंबा खाली उतरला. त्याचे हात डिंकाने बरबटले होते. त्याने ते वर करून दाखवले.

"मी धरते," लुदमिला म्हणाली.

ती आत गेली, वर्तमानपत्र पूर्ण उलगडलं आणि काचेसमोर उभी राहिली. बोगुमिल मागे मागे सरकत कडेला गेला. त्याने चष्मा पुसला.

"नदीवरच्या पुलाचं काम पुन्हा लांबणीवर," त्याने वाचलं.

आपला आवाज रस्ताभर उगाच मोठा झाला, असं त्याला वाटलं. वर्तमानपत्र खाली आलं नाही. वरच्या कडेला तिचे थोडे केस दिसत होते, दोन्ही बाजूंना चार चार बोटं. डाव्या हाताच्या बोटांना सुईने टोचल्याच्या बारीक खुणा असतील, पण इथून त्या दिसत नव्हत्या.

"झालं," तो म्हणाला. "वाचलं मी."

आत झारेंबा तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याने हलकेच काहीतरी म्हटलं. काच चांगली जाड होती, शब्द बाहेर आला नाही. वर्तमानपत्र थरथरायला लागलं. हसणं असेल. रडणंही असेल. बोगुमिल पानाच्या वरच्या कडेकडे बघत राहिला, ती खाली येण्याची वाट पाहत.

मग त्याने पेन काढलं आणि गुडघ्यावर फाइल टेकवून फॉर्म भरला. दुकानाचं नाव. तारीख. शेवटच्या रकान्यात छापलेलं होतं, 'रस्त्यावरून आतलं स्पष्ट दिसतं का?'

त्याने लिहिलं, 'होय'.