दहावी सही

"ही सही तुमचीच का, डॉक्टर?" निवडणूक अधिकाऱ्यांनी अर्ज त्यांच्या पुढ्यात सरकवला.

अर्ज बायकोचा होता. अपक्ष उमेदवाराला दहा सूचक लागतात आणि दहाव्या जागी तिच्या नवऱ्याची, म्हणजे या हाडांच्या डॉक्टरांची सही होती. एक सही बाद झाली की अर्ज बाद, आणि उमेदवार घरी. समोरच्या पक्षाच्या वकिलाने नेमकी हीच सही पकडली होती. डॉक्टरांनीच कधीतरी दिलेला आजारपणाचा दाखला तो सोबत घेऊन आला होता. दाखल्यावर त्यांचं अख्खं आडनाव वाचता येत होतं. अर्जावर नुसता एक फराटा होता.

असा फराटा डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर मारत, दिवसातून साठ वेळा. सरकारी कागदावर मात्र ते कायम पूर्ण सही करत. मग इथे फराटा का मारला, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

अधिकारी म्हणाले, तुम्ही समक्ष हजर आहात, तेव्हा वाद घालायचं कारणच नाही. सही माझीच आहे एवढं या कोऱ्या कागदावर लिहून द्या. वकिलाने तोंड वाकडं केलं. डॉक्टरांनी पेन घेतलं आणि कागदाकडे बघायचं सोडून बायकोकडे बघितलं.

ती भिंतीकडेच्या बाकावर बसली होती. शिपाई पाणी घेऊन आला आणि आधी तिच्याकडे गेला. ग्लास देता देता त्याने एक पाय उचलून गुडघा वाकवून दाखवला. "बघा व्यायामताई, आता जिना चढतो, कठड्याला न धरता."

तो गुडघा डॉक्टरांनी उघडून जोडला होता. पण त्या वेळी गुडघ्याचा मालक भुलीत होता. पुढचे सहा महिने व्यायामोपचार करणारी ही बायको त्याचा पाय हातात धरून, त्याची बोलणी खात, रोज तसूतसूने तो वाकवत बसली होती. शिपायाने दुसरा ग्लास डॉक्टरांपुढे ठेवला आणि अदबीने विचारलं, "आपण ताईंचे मिस्टर का?"

डॉक्टरांच्या पोटात दुखत होतं ते हेच. वीस वर्षं गावाची हाडं जोडून शेवटी हुद्दा काय मिळाला, तर मिस्टर.

गेल्या निवडणुकीत तिला तीनशे सोळा मतं पडली होती. तेव्हा डॉक्टरांनी तिला जवळ घेऊन समजूत काढली होती, अगदी मनापासून. हरलेल्या बायकोवर त्यांचं फार प्रेम होतं. पण ही बाई दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तुंबलेल्या गटारांच्या तक्रारी लिहून घ्यायला गेली, आणि पाच वर्षं जातच राहिली. एवढ्या खटाटोपातून दोन गल्ल्यांत दिवे लागले आणि एक सरकारी दवाखाना दुपारीही उघडा राहू लागला. बस्स. अशाने शहर सुधारायला दोनशे वर्षं लागतील, असं डॉक्टर म्हणायचे. लागू देत, असं ती म्हणायची, आणि पोळी लाटायला घ्यावी इतक्या सहज म्हणायची. त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आता तर लोक म्हणत होते, ताई यंदा येणार.

डॉक्टरांनी चष्मा सावरला, अर्ज उचलून उजेडात धरला. एक ओळ लिहायची होती. आणि लिहायची नसेल, तरी खोटं बोलायची गरज नव्हती. फराट्याची खात्री कोण देणार?

"खरं सांगायचं तर," ते म्हणाले, "घाईत काय केलं असेल कोण जाणे. माझीच आहे असं छातीठोकपणे नाही सांगता येणार."

वकिलाचा चेहरा खुलला. डॉक्टरांनी पुन्हा बाकाकडे बघितलं. ती चिडेल, रडेल, निदान 'अहो' म्हणून हाक तरी मारेल, असं त्यांना वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"मग हा अर्ज बाद," अधिकारी म्हणाले. त्यांनी त्यावर शेरा लिहिला, तो बाजूला ठेवला आणि गठ्ठ्यातला खालचा कागद वर काढला. "आता बाईंचा दुसरा अर्ज."

एका उमेदवाराला एकाहून जास्त अर्ज भरता येतात, हे डॉक्टरांना कोणी सांगितलं नव्हतं. यात दहा वेगळीच माणसं होती. शेवटच्या जागी, डॉक्टरांच्याच दवाखान्यात लादी पुसणाऱ्या मावशींनी अक्षराला अक्षर जुळवून आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं. वकिलाने ते दोनदा तपासलं आणि दाखला खिशात घातला. अर्ज मंजूर झाला.

बाहेरच्या जिन्यावर दोघंच होते. डॉक्टर दोन पायऱ्या मागून उतरत होते.

"मी असं करणार, हे तुला माहीत होतं?"

"फराटा बघितला तेव्हा शंका आली. म्हणून दुसरा भरून ठेवला."

"मग माझा दिलासच कशाला?"

"सही माझीच म्हणाल, असंही वाटत होतं ना," ती म्हणाली. "म्हणून तर तुमचा वर ठेवला."

खालच्या पायरीवर ती थांबली आणि ते बरोबरीला येईपर्यंत थांबून राहिली.

"पाच वर्षांनी परत सह्या लागतीलच," ती म्हणाली. "तेव्हाही आधी तुमच्याकडेच येईन."